पावसातला चाकू: पोलादाच्या नावाआधी म्यानाकडं बघा

पाटण तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. शनिवार-रविवार गडांवर भटकतो, सुगीत मामाच्या रानात हात लावतो. ‘स्टेनलेस’ असं वाचून त्यानं डी२ पोलादाचा चाकू मागवला. जुलैत दातेगडावर एक मुक्काम झाला. परत आल्यावर पिशवी तशीच खुंटीला राहिली. आठवड्यानं चाकू काढला तर पात्यावर तांबूस ठिपके आणि धारेला बारीक खड्डे. मी फसवला गेलो का, आणि आता बाहेर वापरायला न गंजणारा चाकू कोणता घेऊ, असं तो विचारतो.

फसवलं म्हणता येणार नाही, अर्धंच सांगितलं म्हणता येईल. डी२ हे स्टेनलेसच्या उंबऱ्यावर उभं राहिलेलं पोलाद आहे, घरात आलेलं नाही. आणि तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ‘पिशवी तशीच खुंटीला राहिली’. त्याकडं येतोच.

घाईत असाल तर आधी खरेदीचं सांगून टाकतो. १२सी२७ किंवा १४सी२८एन पोलादाचं, चार इंचांच्या आसपासचं, न मिटणारं पातं. मूठ साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची किंवा रबरासारख्या पकडीची. म्यान प्लॅस्टिकचं आणि त्याच्या तळाला पाणी निथळायला भोक. स्वीडनच्या मोरा कंपनीचे साधे स्टेनलेस चाकू या वर्णनात नेमके बसतात. त्यांचीच कार्बन पोलादाची आवृत्तीही दिसायला तशीच असते, तेव्हा घेताना ‘स्टेनलेस’ हा शब्द वाचून घ्या. मिटणाराच हवा असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा खिशातला चाकू. इथं थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं ‘हेच का’ याबद्दल आहे.

मी सांगलीचा. कुपवाडच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढं २७ वर्षं काढली. डाय, पंच, कटर असल्या हत्यारांना पाणी द्यायचं काम. पोलाद तापवून विझवून कडक करण्याला आपल्याकडं ‘पाणी देणं’ म्हणतात, आणि पात्याची तारीफ करताना ‘पाणी चांगलं आहे’ म्हणतात. बाकीचा वेळ सातारा-सांगलीच्या डोंगरांत गेला. त्यामुळं एक पाणी पात्यात कसं मुरवायचं आणि दुसरं त्यापासून कसं लांब ठेवायचं, या दोन्ही भानगडी मी पाहिल्यात.

स्टेनलेस म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. जाडी काही नॅनोमीटरची, डोळ्याला दिसत नाही. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पापुद्रा आपला आपण पुन्हा धरतो. साध्या लोखंडावरचा गंज पोपडे सुटून खाली नवं लोखंड उघडं पाडतो. हा पापुद्रा चिकटून बसतो. म्हणजे स्टेनलेसला हवा लागते. हवा कोंडली किंवा मीठ भेटलं की पापुद्रा हरतो. एवढं लक्षात ठेवलं तर अर्ध्या शंका आपोआप सुटतात.

आता डी२. त्यात कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. कागदावर बघितलं तर साडेदहाच्या वर, म्हणून विकणारा ‘स्टेनलेस’ लिहून मोकळा होतो. पण कार्बनला क्रोमियमची ओढ फार. दोघं मिळून कार्बाइडचे कडक दाणे तयार करतात. या दाण्यांमुळं डी२ची धार दिवसचे दिवस टिकते, म्हणून तर ते डायमध्ये वापरतात. पण दाण्यात अडकलेलं क्रोमियम पापुद्र्याच्या उपयोगाचं राहत नाही. कणगी भरलेली, पण कुलूप घातलेली, तसला प्रकार. शिवाय डी२ कित्येकदा ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर करतात, म्हणजे विझवल्यावर पुन्हा बेतानं तापवतात. डायला ते बरंच असतं, पण त्या तापमानाला आणखी क्रोमियम कार्बाइडमध्ये जातं आणि गंजाचा विरोध आणखी घटतो. स्टेनलेस चाकू दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास टेम्पर करतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

१२सी२७ मध्ये कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा. कार्बन कमी म्हणून क्रोमियम मोकळं. १४सी२८एन मध्ये कार्बन जवळपास तेवढाच, क्रोमियम १४ आणि वर ०.११ टक्के नायट्रोजन. नायट्रोजन कडकपणा देतो पण कार्बनसारखा क्रोमियमला ओढून नेत नाही. पावसाळी कामाला मला हेच पोलाद सगळ्यात आवडतं. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या घरात पण क्रोमियम १६ ते १८, त्यामुळं तेही निभावतं. स्वस्त चिनी चाकवांवर दिसणारं ८सीआर१३एमओव्ही, म्हणजे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम, हे पुसून ठेवणाऱ्याला चालतं, विसरणाऱ्याला नाही.

कणगीचं उदाहरण पटत नसेल तर मॅग्नाकट बघा. लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुशास्त्रज्ञानं तयार केलेलं हे पोलाद २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के, डी२पेक्षाही कमी. तरी ते डी२पेक्षा कितीतरी कमी गंजतं. कारण त्यात व्हॅनेडियम आणि निओबियम घातलंय. कार्बन त्यांच्याशी गाठ मारतो आणि क्रोमियम जवळपास सगळंच मोकळं राहतं. उत्तम पोलाद आहे, महाग आहे. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

आपल्याकडं एक गैरसमज घट्ट बसलाय, तो इथंच काढतो. ‘चुंबक चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाही.’ भांड्यांच्या दुकानात ही परीक्षा करतात आणि १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलच्या भांड्याला ती बऱ्यापैकी लागूही पडते. पण ते पोलाद विझवून कडक होत नाही. त्याचा चाकू केला तर तो चमच्याइतकाच कापेल. विझवून कडक होणारं नेहमीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच चिकटतं. उलट चाकू चिकटला नाही तर मला शंका येईल की धार किती टिकणार. तेव्हा दुकानात खिशातून चुंबक काढून शहाणपणा करू नका.

दुसरी परीक्षा मोरचुदाची, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटची. वर्कशॉपमध्ये भांड्याच्या जातीच्या स्टेनलेसवर लोखंडाचे कण चिकटलेत का, हे मोरचुदाचं पाणी लावून बघतात. कण असतील तिथं तांबं चढतं. चाकूच्या पोलादावर, म्हणजे १६ टक्क्यांच्या खालच्या क्रोमियमवर, ही परीक्षा चांगल्या मालालाही नापास करते. पण मोरचुदाचा विषय निघालाच आहे तर द्राक्षबागवाल्यांना सांगतो. तासगावला माझ्या मेहुण्यांच्या बागेत बोर्डो मिश्रण कालवायच्या पिंपाशेजारी कोयता, सुरी, छाटणीची कात्री सगळं एकत्र पडलेलं असायचं. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी कोयता बुडाला की क्षणात तांबूस होतो. बघायला गंमत वाटते, पण लोखंडावर बसलेलं ते तांबं पुढं ओलाव्यात खालच्या लोखंडाला आणखी वेगानं खातं. मोरचुदाची पिशवी फोडलेला चाकू, कुठल्याही पोलादाचा असो, लगेच साध्या पाण्यानं धुवा. बागेत मी स्टेनलेस चाकू नेत असे तो पावसासाठी नव्हे, याच्यासाठी.

आता ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातलं आमचं जुनं घर पाण्यात गेलं आणि तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात माझे जमवलेले चाकू राहिले. माणसं वर निघाली, जनावरं निघाली. चाकवांची आठवण कुणाला होणार? आठ-दहा दिवसांनी कपाट पहारीनं उघडलं तेव्हा आत गाळ वीतभर. पहिल्यांदा सगळंच गेलं असं वाटलं. मग एकेक काढून धुतलं आणि धुता धुता माझ्यातला भट्टीवाला जागा झाला, कारण असा प्रयोग मुद्दाम कुणी करणार नाही.

कानशीचा चाकू, जो मी विशीत गावच्या लोहाराकडून करून घेतला होता, त्याच्यावर पापड सुटले होते. कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर आणि क्रोमियम नावापुरतं, दुसरं काय होणार. डी२ची दोन पाती होती. दोन्हीवर मिरीएवढे खड्डे, धार करवतीसारखी. लाकडी मुठीचा एक मिटणारा चाकू होता; त्याचं पातं जवळजवळ स्वच्छ, पण मूठ फुगून पातं आत असं आवळलं गेलं की उन्हात पंधरा दिवस ठेवल्यावरच उघडलं. प्लॅस्टिकच्या मुठीचा १२सी२७चा चाकू नुसता प्लॅस्टिकच्या म्यानात होता. भोकातून गाळ गेला होता, गाळ निघाला, पातं धुतलं, दोन फिकट ठिपके खाण्याच्या सोड्यानं घासल्यावर गेले. आणि त्याच पोलादाचा, त्याच जाडीचा दुसरा चाकू चामड्याच्या सुंदर शिवलेल्या म्यानात होता. तो ओढून काढावा लागला. पात्यावर शिवणीचा टाका न टाका उमटलेला, गंजात. टाक्यांच्या रेषेत सुईनं टोचल्यासारखे खोल खड्डे.

एकच पोलाद, एकच कपाट, एकच पूर. फरक म्यानाचा. ओलं चामडं पात्याला चिकटून हवा कोंडतं, कमावताना त्यात मुरलेले क्षार आणि आम्लं पाण्यात उतरतात आणि पापुद्र्याला पुन्हा धरायला ऑक्सिजनच मिळत नाही. रिव्हेट मारलेल्या मुठीखालीही हेच होतं. बाहेरून चकचकीत दिसणारा चाकू पट्ट्या काढल्यावर आतून पोखरलेला निघाला, असं मी त्याच आठवड्यात आणखी दोनदा पाहिलं. म्हणून मी पोलादाच्या नावाआधी म्यान आणि मूठ बघायला सांगतो. तुमचा चाकू दातेगडावर गंजला नाही. तो खुंटीवरच्या पिशवीत गंजला.

त्यात पाटण म्हणजे कुठलं हवामान, हेही बघा. लोखंड गंजायला पाऊसच लागतो असं नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पात्यावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि गंजाची गती वाढते. घामाचं मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणदेशात पाचशेच्या आसपास. जत-आटपाडीचा माणूस साधा कार्बन पोलादाचा चाकू वर्षभर वापरेल आणि ‘कसला गंज?’ म्हणून विचारेल. पश्चिमेकडं कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर भिंतीलाच बुरशी येते. दोघांना एकच सल्ला देणारा दुकानदार भेटला तर त्याला नमस्कार करून निघा. कासच्या पठारावरचा जांभा लाल का दिसतो, माहीत आहे ना? त्यातल्या लोहाची ऑक्साइडं. लाखो वर्षं पाऊस झेलून डोंगरच गंजलाय, तिथं आपल्या चार इंचांच्या पात्याची काय कथा.

कार्बन पोलादाला मात्र मी शिव्या देणार नाही. ऊसतोडीचा कोयता ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला असतो, क्रोमियम नावालाच, पण हंगामात तो क्वचितच गंजलेला दिसतो. कारण रोज शेकडो उसांवर तो घासला जातो आणि संध्याकाळी कानस लागते. हंगाम संपला की तेल लावून आढ्याला. वापर हाच त्याचा पापुद्रा. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या चाकूला हे भाग्य नसतं, म्हणून त्याला स्टेनलेस लागतं. आणि कुणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाचं नाव काढणारच, तर सांगून ठेवतो: तो पोलाद नाही, फॉस्फरस जास्त असलेलं लोखंड आहे. त्याच फॉस्फरसमुळं त्याच्यावर संरक्षक थर धरला, आणि दिल्लीची बऱ्यापैकी कोरडी हवाही त्याच्या मदतीला आहे. त्याचा चाकू होत नाही. झाला तर कांदाही नीट कापणार नाही.

कडकपणाबद्दल. चाकवांच्या माहितीत एचआरसी म्हणजे रॉकवेलचा आकडा दिलेला असतो. बाहेरच्या कामाला ५६ ते ५८ बास. साठच्या पुढं गेलं की धार जास्त टिकते, पण दगडावर आपटली तर मोडते आणि गडावर ती पुन्हा लावणं होत नाही. ५६चं पातं बोथट झालं तर खिशातल्या छोट्या दगडावर पाच मिनिटांत कांदा कापायला तयार. न गंजणारा चाकू घेऊन वर्षभर बोथट वापरणारे मी फार पाहिलेत. रस्त्यावरच्या धारवाल्याकडं नेत असाल तर त्याला सांगा, पातं सारखं पाण्यात बुडव. चाकावर धार निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं. तेवढी कड मऊ झाली, पुन्हा घासून काढेपर्यंत ती धार टिकणार नाही. चुलीत चाकू घालून निखारे सारणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

पात्याच्या अंगाकडंही लक्ष द्या. गुळगुळीत घोटलेलं पातं सगळ्यात कमी गंजतं. वाळूचा मारा करून राखाडी, खरखरीत केलेलं पातं फोटोत रुबाबदार दिसतं, पण त्या खरबरीत अंगात ओल धरून राहते आणि स्टेनलेस असूनही त्यावर ठिपके लवकर येतात. काळा लेप पात्याला वाचवतो, धारेला नाही, कारण धार लावताना तो निघणारच. गंज आधी धारेलाच धरतो. ‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’, ‘जपानी स्टील’ हे शब्द पोलादाची जात सांगत नाहीत. जात लिहिलेली नसेल तर तो चाकू सोडून द्या. लहरी नक्षीचं स्वस्त दमास्कस तर पावसाच्या वाटेला नेऊच नका, बहुतेक वेळा ते दोन कार्बन पोलादांची घडी असते.

तुम्ही मासे धरायला चाकू नेत असाल तर वेगळा विचार. कृष्णा-कोयनेच्या गोड्या पाण्यात वर सांगितलेली पोलादं पुरतात. पण कुंभार्ली घाट उतरून गुहागरच्या खाडीवर जायची सवय असेल, तर खारं पाणी १२सी२७लाही ठिपके पाडतं. तिथं एच१ किंवा एलसी२००एन. दोन्हींत कार्बन अगदी कमी आणि कडकपणाचं काम बऱ्याच अंशी नायट्रोजन व इतर मिश्रणं करतात. एच१ समुद्राच्या पाण्यातही गंजत नाही म्हटलं तरी चालेल. त्याची साधी धार मात्र लवकर बोथट होते, म्हणून त्याची दातेरी पाती जास्त खपतात. एलसी२००एन दोन्ही बाजूंनी बरं, किंमतही तशीच. टायटॅनियमचा चाकू गंजत नाही हे खरं, पण त्याला धार कशाशी खातात ते माहीत नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. गडावर चाकू कशाला लागतो? दोरी, सुतळी, काकडी-कांदा, पाकिटं, ओल्या काटकीची साल सोलून आतला कोरडा भाग काढणं, कधी पट्टी कापणं. याला चार इंचांचं, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं पातं पुरेसं होतं. सहा मिलिमीटर जाडीचा सिनेमातला सुरा काकडी कापत नाही, फोडतो. मिटणारा चाकू खिशाला सोयीचा, पण सांध्यात लाल माती जाते आणि ओल तिथंच मुक्काम करते. धुतल्यावर उघडा ठेवून वाळवावा लागतो. मुक्काम न करता सकाळी चढून संध्याकाळी उतरणाऱ्यांना व्हिक्टोरिनॉक्ससारखा छोटा चाकू पुरतो. त्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का आणि क्रोमियम १५च्या आसपास असतं. धार फार दिवस टिकत नाही, पण गंजाच्या बाबतीत तो अंगावर घेऊन झोपलात तरी चालेल.

न्यायचा कुठं, हे मात्र नीट ऐका. वासोट्याला बामणोलीहून लाँचनं जाताना किंवा चांदोलीत शिरताना चाकू घरी ठेवा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय तिथं शस्त्र नेता येत नाही, आणि त्याच कायद्यातल्या ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत चाकू हा शब्द सरळ लिहिलेला आहे. चार इंच की चौदा, हा प्रश्न तिथं येत नाही. एरवी शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी केलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, म्हणून कोयता वगळला जातो. पण सणावारी, निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकूही येतो. कमरेला लटकवून एसटी स्टँडवर फिरू नका. पिशवीत, डब्याशेजारी, खाली तळाला.

घरी आल्यावर काय करायचं, तर फार काही नाही. साध्या पाण्यानं धुवायचा, कोरड्या सुती कापडानं पुसायचा, म्यान वेगळं काढून उलटं टांगायचं आणि चाकू रात्रभर म्यानाबाहेर ठेवायचा. कैरी, चिंच, लिंबू, कांदा कापल्यावर तर तिथल्या तिथं पुसायचा. तारेच्या घासणीनं घासू नका. तिचे लोखंडी कण पात्यात रुततात, ते गंजतात आणि आपल्याला वाटतं चाकूच गंजला. ओल्या कोयत्याला टेकवून ठेवल्यानंही तेच होतं. चिंच-मिठानं घासायची जुनी रीत पितळेच्या घंगाळाला ठीक, स्टेनलेस पात्याला मीठ म्हणजे वैरी.

तेलाबद्दल घरोघरी वाद असतो. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल महिनाभरात चिकट होऊन पात्यावर कातडं धरतं, त्यावर धूळ बसते. खोबरेल बरं, पण थंडीत गोठतं. मी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरतो. पोट साफ करायला देतात तेच. खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चिंता नाही, चिकटत नाही, खवट होत नाही. दोन थेंब पुरतात. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात एक थेंब जास्त. दुकानदार तुमच्याकडं काळजीनं बघेल, तेवढं सोसा.

राहिला तुमचा डी२. तो टाकू नका. खाण्याच्या सोड्याचा लगदा करून बुचानं किंवा ओल्या फडक्यानं पातं लांबीच्या दिशेनं घासा, तांबूस रंग निघेल. काळसर डाग राहिले तर राहू द्या, ते खात नाहीत. खड्डे बोटाला लागत असतील तर ४०० नंबरचा आणि मग १०००चा वॉटर पेपर तेलात भिजवून, पुन्हा लांबीच्या दिशेनंच. धारेतले बारीक खड्डे चार-पाच वेळा धार लावल्यावर आपोआप संपतील. हे पोलाद साध्या दगडाला दाद देत नाही, म्हणून हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी आणा आणि दोन्ही बाजूंनी वीस अंशांच्या आसपास कोन धरा. चामड्याचं म्यान असेल तर ते काढून टाका किंवा भिंतीवर शोभेला लावा. मग दिवाळीपासून वळिवापर्यंत तो तुमच्या मामाच्या रानात वापरा. मळणीला, पोती उसवायला, दावी कापायला त्याच्याइतकी धार टिकणारं दुसरं काही मिळायचं नाही. वळिवाचा पहिला शिडकावा झाला की पॅराफिन लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटात, वरच्या फळीवर.